इस्रायली शाळेचे गुरुजन व वर्गबंधू

श्रोतेहो, ज्या जिल्ह्याने समुद्र कधी डोळ्यांनी पाहिला नाही, त्या बीडकडील एका निवृत्त शाळामास्तराने मुंबईच्या यहुदी शाळेविषयी बोलावे, याचे आपणांपैकी कित्येकांस नवल वाटेल. मी काही इतिहाससंशोधक नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक झालो, शिक्षकाचे शिक्षण घेतले आणि पुढे सारे आयुष्य जिल्हा परिषदेच्या शाळांतून मुले शिकविण्यात घालविले, एवढीच माझी शिदोरी. परंतु हा विषय मला एका बाकावर भेटला, आणि त्यानंतर त्याने माझा पिच्छा सोडला नाही. ती हकीकत आधी सांगतो.

त्यापूर्वी एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती अशी की मी स्वतः बोर्डिंगात वाढलेला मुलगा आहे. १९७२ सालचा दुष्काळ ज्यांनी मराठवाड्यात काढला, त्यांस तो वर्णन करून सांगावा लागत नाही. आईबाप सडकेच्या कामावर खडी फोडीत होते, आणि आम्ही तालुक्याच्या गावी बोर्डिंगात लाल मिलोची भाकरी खात होतो. ती भाकरी तव्यावरून उतरेपर्यंत मऊ असे, ताटात पडताच चामड्यासारखी होई. आमचे गुरुजी रात्री पंगत बसली म्हणजे दाराशी उभे राहून भाकऱ्या मोजीत. आम्हांस वाटे, मुले चोरून जास्त घेतात म्हणून मोजतात. पुष्कळ वर्षांनी, मी स्वतः मास्तर झाल्यावर, स्वयंपाकीणबाईंकडून कळले की, सर्वांस पुरून उरली तरच आपण जेवावयाचे, असा त्यांचा नेम होता, आणि त्या वर्षी उरण्याचे दिवस थोडे आले. तेव्हा गुरुजी हयात नव्हते. हे ऋण फेडावयाचे राहून गेले ते गेलेच. तेव्हापासून कोणी आपल्या शाळेची व मास्तरांची गोष्ट सांगू लागला की मी हातचे काम ठेवून ऐकत बसतो.

तर १९८६ साली वडील बंधूंच्या दुखण्यापायी मला महिनाभर मुंबईस राहावे लागले. रुग्ण जे. जे. रुग्णालयात, आणि माझे बिऱ्हाड माझगावास एका गाववाल्याच्या खोलीत. दुपारच्या वेळी भायखळ्याच्या बागेत मी जाऊन बसत असे. तेथे एक वृद्ध गृहस्थ रोज येत. पांढरा सदरा, डोक्यास काळी टोपी, हातात छत्री. बोलणे थेट अलिबागकडचे, हेल काढून. मी त्यांस कोकणातील कोणी आगरी वा पाचकळशी गृहस्थ समजलो. तिसऱ्या दिवशी त्यांनीच विचारले, ‘‘कुठले आपण?’’ बीडचा मास्तर म्हणताच ते सरकून बसले व म्हणाले, ‘‘मास्तर का? मग बसा. आमच्या शाळेत मास्तर आला म्हणजे आम्ही उभे राहत होतो. आता गुडघे ऐकत नाहीत.’’ ते बेने इस्रायल होते. चवथ्या दिवशी त्यांनी कागदात गुंडाळलेले एक छायाचित्र आणले. त्याच्याकडे मी शेवटी येईन.

बेने इस्रायल हे नाव आपणांस ठाऊक असेल, परंतु मराठवाड्यात ते फारसे ठाऊक नाही, म्हणून दोन शब्द. बेने इस्रायल म्हणजे इस्रायलची लेकरे. या लोकांची परंपरा अशी की, फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागनजीक नवगावच्या किनाऱ्यावर फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. बुडालेल्यांस तेथेच मूठमाती दिली गेली. ही घटना नेमकी कोणत्या शतकातील, याविषयी पंडितांत एकमत नाही, आणि माझ्यासारख्याने त्यात पडू नये. वाचलेल्यांच्या वंशजांनी कुलाबा जिल्ह्याच्या गावोगावी तेलाचे घाणे घातले. शनिवारी ते घाणा जुंपीत नसत, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांस ‘शनिवार तेली’ म्हटले. गावावरून आडनाव पडण्याची कोकणची रीत त्यांसही लागू झाली : किहीमचे ते किहीमकर, पेणचे पेणकर, दिव्याचे दिवेकर, झिराडचे झिराडकर. घरात मराठी, अंगावर लुगडे, गळ्यात मंगळसूत्र. वर्षारंभाच्या सणास ते ‘नव्याचा सण’ म्हणत आणि प्रायश्चित्ताच्या उपवासाच्या दिवसास ‘दारफाळणीचा सण’. कारण त्या दिवशी घराचे दार लावून सारे कुटुंब उपाशी व मुके बसे. एलिया पैगंबराचा नवस फेडताना गोड पोह्यांचा मलिदा करतात, तो तर अस्सल कोकणी प्रसादच होय.

आता या समाजाची जी मोठी उणीव, तिच्यापासून आपला विषय सुरू होतो. सुंता, शनिवार, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि ‘शेमा’ ही एकेश्वराची एक प्रार्थना, एवढे त्यांनी शतकानुशतके जपले. परंतु ग्रंथ हाती नव्हता, हिब्रू लिपी वाचता येत नव्हती. एखाद्या घराण्यास आपण ब्राह्मण आहो एवढे ठाऊक असावे, संध्येतील एक मंत्र पाठ असावा आणि अक्षरओळख मात्र नसावी, तशी ही अवस्था. अशा समाजात मास्तर हा केवळ पोटार्थी नोकर राहत नाही. हरवलेल्या घराची किल्ली त्याच्या हाती असते. बेने इस्रायल लोकांत शिक्षकाविषयी जी जवळजवळ भक्तीची भावना दिसते, तिचे मूळ मला येथे वाटते.

हे शिक्षक आले कोठून? काही कोचीनच्या यहुद्यांतून आले. कोकणी लोकांच्या स्मरणात शलोमो सालेम शुराबी यांचे नाव आहे. हे कोचीनहून आलेले विद्वान गृहस्थ मुंबईच्या मशिदीत प्रार्थना सांगत व लोकांस धर्म शिकवीत. १८५६ साली ते वारले. मशिदीत असे मी म्हटले, त्यात चूक झालेली नाही. बेने इस्रायल आपल्या प्रार्थनामंदिरास मशीदच म्हणत आले. मुंबईतील त्यांची पहिली मशीद १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर या कंपनीच्या फौजेतील अंमलदाराने बांधिली. टिपूच्या कैदेतून सुटून आल्याचे ते नवसफेड होते, असे सांगतात. तेथील सॅम्युएल स्ट्रीट हे नाव त्यांचेच, आणि मशीद बंदर हे रेल्वे स्थानकाचे नावही याच मशिदीवरून पडले, असे पुष्कळांचे म्हणणे आहे. रोज हजारो लोक त्या स्थानकावर उतरतात. किती जणांस हे ठाऊक असेल?

दुसरे शिक्षक आले ते मात्र वेगळ्या हेतूने. १८१३ साली अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले आणि थोड्याच वर्षांत त्यांच्या शाळांतून यहुदी मुले दिसू लागली. १८२९ साली स्कॉटलंडचे डॉक्टर जॉन विल्सन आले. त्यांनी या समाजासाठी मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहून १८३२ साली छापले. जरा विचार करा. मराठी गद्य तेव्हा नुकते छापखान्यात पाऊल टाकीत होते. ‘दर्पण’ त्याच वर्षीच्या जानेवारीत निघाले. आणि त्या बाल्यावस्थेतील भाषेत हिब्रूचे व्याकरण अवतरले. पाद्र्यांची इच्छा उघड होती, की जुना करार वाचू लागलेली ही मुले पुढे नव्या कराराकडे वळतील. तसे फारसे घडले नाही. मुलांनी व्याकरण घेतले, इंग्रजी घेतली, आणि शनिवारी आपल्या मशिदीत गेली. येथे मी विल्सनसाहेबांची थट्टा करीत नाही. पेरणारा एका हेतूने पेरतो आणि पीक आपल्या जातीवर उगवते, हा अनुभव प्रत्येक मास्तरास येतो. शिवाय त्या व्याकरणावाचून पुढची पिढी इतक्या लवकर उभी राहिली असती, असे मला वाटत नाही.

त्या पुढच्या पिढीतील थोर शिक्षक म्हणजे जोसेफ यहेज्केल राजपूरकर. जन्म १८३४, मृत्यू १९०५. मिशनच्या शाळेत शिकलेला हा मुलगा मुंबईस डेव्हिड ससून यांच्या नावाने चाललेल्या यहुदी शाळेत शिक्षक झाला व चाळीसएक वर्षे तेथेच मुख्याध्यापक राहिला. मुंबई विद्यापीठाच्या हिब्रूच्या परीक्षकांत त्यांची गणना होती. परंतु त्यांचे खरे काम घराघरांतले. रोजच्या व सणांच्या प्रार्थना त्यांनी हिब्रूतून मराठीत आणिल्या. शाळा सुटल्यावर कंदिलाशी बसून हे काम त्यांनी केले असेल, असे माझे मन मला सांगते. कारण मास्तराला दुसरा वेळ असतो कोठे? पूर्वी जी आजी हिब्रू शब्द पाठ म्हणत असे व अर्थ न कळता डोळे पुसत असे, तिला आपण देवापाशी काय मागतो हे प्रथमच कळले. ज्ञानेश्वरमाउलींच्या मराठवाड्यात जन्मलेल्या माणसास या गोष्टीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

राजपूरकरांची शाळा ससून घराण्याच्या औदार्यावर उभी होती. बेने इस्रायलांची स्वतःची म्हणावी अशी शाळा १८७५ साली निघाली, आणि ती काढण्यात पुढाकार हाईम सॅम्युएल किहीमकर यांचा. किहीमकर हे मोठे धनिक नव्हते. भाऊबंद व मित्र गोळा करून, वर्गण्या मागून, प्रसंगी नकार ऐकून त्यांनी ही इस्रायली शाळा उभी केली. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनचे साहाय्य तिला मिळत गेले. शाळेत मराठी, इंग्रजी व हिब्रू या तीन भाषा शिकवीत. घरची भाषा मराठी, चरितार्थाची इंग्रजी आणि ईश्वराची हिब्रू. यांतील एकही सोडावयाची नाही, हा किहीमकरांचा आग्रह. आपल्याकडे शिक्षणाचे माध्यम कोणते असावे यावर आजही खडाजंगी चालते, तेव्हा मला हा गृहस्थ आठवतो. त्यांनी वाद घातला नाही, वेळापत्रक बनविले.

किहीमकरांनी दुसरेही एक काम केले. १८९७ च्या सुमारास त्यांनी आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून पुरा केला. तो छापून निघालेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १९०९ साली ते गेले, आणि ग्रंथ १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. चाळीस वर्षे ते हस्तलिखित थांबून होते. आज बेने इस्रायलांविषयी कोणीही चार ओळी लिहू लागला की त्याच पुस्तकाकडे वळतो. मीही वळलो आहे.

त्या काळच्या शाळेचे वातावरण समजण्यास आणखी एक गोष्ट उपयोगी पडते. १८८० साली काही बेने इस्रायल तरुणांनी आपल्या हिंदू शेजाऱ्यांची कीर्तने ऐकून, तशीच कीर्तने आपल्या धर्मकथांवर रचण्यास आरंभ केला. पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी, सारे आपल्या हरदासी थाटाचे. आख्यान मात्र योसेफाचे वा मोशेचे. त्याच्या आधी, १८७४ साली, वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची ‘हग्गादा’ पुण्यास हिब्रू व मराठी अशा दोन्ही भाषांत छापली गेली होती आणि तिच्या चित्रांत कोकणी बाया लुगडे नेसून जमिनीवर बसून भाकऱ्या भाजीत आहेत. मिसर देशातून सुटलेले लोक आपल्याच ओटीवर बसलेले मुलांस दिसले म्हणजे इतिहास शिकवावा लागत नाही.

आता वृद्ध गृहस्थांच्या काळाकडे येतो. ते शाळेत होते तेव्हा तिच्या मुख्याध्यापिका रिबेका रूबेन या होत्या. या बाईंचे नाव घेताना त्यांनी डोक्यावरची टोपी दोन्ही हातांनी सारखी केली, ते मला अजून दिसते.

रिबेकाबाई १८८९ साली म्हैसूर संस्थानात शिमोगा येथे जन्मल्या. शिक्षणासाठी त्यांस पुण्यास, हुजूरपागेच्या शाळेत पाठविण्यात आले. ही शाळा न्यायमूर्ती रानडे, वामनराव मोडक, डॉक्टर भांडारकर आदी मंडळींनी १८८४ साली मुलींसाठी काढलेली. पुढे कामा रुग्णालयाच्या प्रमुख झालेल्या विख्यात डॉक्टर जेरुशा झिराड, ज्यांस १९६६ साली पद्मश्री मिळाली, याही त्याच शाळेच्या. दोन बेने इस्रायल मुली, दोघी घरापासून दूर, आणि सभोवार बहुतेक ब्राह्मणांच्या मुली. शुक्रवारी सूर्य मावळला की यांचा शब्बाथ सुरू होत असणार, आणि त्या वेळी इतर मुलींची शुभंकरोती चालू असणार. बोर्डिंगात वाढलेल्या माणसास संध्याकाळची ती वेळ ठाऊक असते. दिवसभर काही वाटत नाही. दिवेलागणीस घर आठवते. अशा वेळी शेजारच्या खाटेवरची मैत्रीण कोणत्या देवास हात जोडते, हे मूल पाहत नाही.

१९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेत रिबेकाबाईंनी अग्रस्थान मिळविले. त्या काळी मुलीने मॅट्रिक होणे हीच बातमी होती. मीही मॅट्रिक आहे, परंतु माझा क्रमांक विचारू नका! पुढे त्यांनी पदवी घेतली, इंग्लंडात लंडन व केंब्रिज येथे अध्ययन केले, आणि १९२२ साली इस्रायली शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. १९५० पर्यंत त्या तेथे होत्या. अठ्ठावीस वर्षे! विलायतेत शिकून आलेल्या विदुषीला याहून मोठ्या पगाराची व मानाची जागा मिळाली नसती असे नाही. त्या आपल्या समाजातील कारकुनांच्या, कारागिरांच्या व विधवांच्या मुलांत येऊन बसल्या. याच काळात शांघाय-हाँगकाँगकडील बगदादी यहुदी व्यापारी सर एली कदूरी यांची मोठी देणगी मिळाली आणि शाळेस त्यांचे नाव देण्यात आले. माझगावात आजही ती त्या नावाने चालते. देणगीदाराचे नाव दारावर लागते, हे योग्यच आहे. परंतु माजी विद्यार्थ्यांच्या तोंडी शाळेची ओळख ‘बाईंची शाळा’ अशीच राहिली, निदान माझ्या बाकावरच्या मित्राच्या तोंडी तरी.

त्यांच्या आठवणी बाईंपुरत्या नव्हत्या. हिब्रूच्या मास्तरांविषयी ते तासभर बोलत. पाटीची गोष्ट मला फार आवडली. मराठी डावीकडून लिहावयाची, हिब्रू उजवीकडून. लहान मुले एकाच पाटीवर दोन्ही बाजूंनी सुरुवात करीत आणि अक्षरे मध्यावर एकमेकांवर आदळत. मग मास्तर ओल्या बोटाने मध्ये एक उभी रेघ ओढून देत. ‘‘ही रेघ म्हणजे कुंपण नव्हे रे,’’ असे ते म्हणत, ‘‘ही पाऊलवाट.’’ शनिवारी शाळा बंद आणि रविवारी भरलेली. त्यामुळे रविवारी गल्लीतील इतर मुले विटीदांडू खेळताना पाहत शाळेस जावे लागे, आणि शनिवारी खेळावयास कोणी सापडत नसे. हे दुःख त्यांनी वयाच्या सत्तरीत इतक्या तळमळीने सांगितले की मला हसू आवरेना. कोकणातून आलेली मुले मामाच्या, आत्याच्या खोलीत दहाबारा माणसांत निजत. कोणाची फी थकली तर वर्गात त्याचे नाव पुकारले जात नसे. त्यास बाजूस बोलावून सांगत. अपमान न करता गरिबी ओळखणे ही शिक्षकाची कला आहे, आणि ती कोणत्याही ट्रेनिंग कॉलेजात शिकवीत नाहीत.

हे ऐकताना माझे मन आपल्या मुलखाकडे धावत होते. निजामाच्या राज्यात आमचीही अवस्था काही अंशी अशीच होती. लोकांची भाषा मराठी, आणि वरच्या वर्गांची व दरबाराची उर्दू. १९१८ साली निघालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दूचेच. आपल्या भाषेत शिकावयाचे तर आपली शाळा आपणच काढावयास हवी. अशाच भावनेतून १९२१ साली हिप्परगा येथे राष्ट्रीय शाळा निघाली. रानात, खेड्याशेजारी, गुरुशिष्य एकत्र राहत. १९२९ साली व्यंकटेश खेडगीकर नावाचे तरुण तेथे शिक्षक म्हणून आले. तेथेच त्यांनी संन्यास घेतला व स्वामी रामानंद तीर्थ झाले. १९३५ साली ते आमच्या बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात आले. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचे पुढारी म्हणून त्यांस सर्व ओळखतात. त्या लढ्यात त्यांच्यामागे गेलेल्या कित्येक तरुणांच्या तोंडी मात्र ते आधी मास्तर होते. मुंबईच्या इस्रायली शाळेत आणि अंबाजोगाईच्या शाळेत साम्य दाखविणे काहींस ओढूनताणून वाटेल. एक राजकीय जागृतीची, दुसरी धार्मिक जीर्णोद्धाराची. तरी दोन्हींच्या मुळाशी एकच भीती होती : आपली मुले शिकतील, पण आपली राहतील काय?

आणि येथेच दैवाची विचित्र गती दिसते. आमच्याकडे १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली, आणि मराठी शाळा गावोगाव निघाल्या. त्याच वर्षी मे महिन्यात इस्रायल राष्ट्र जन्मास आले. हिंदुस्थानात तेव्हा सुमारे वीस हजार बेने इस्रायल होते. ज्या भूमीकडे तोंड करून ते प्रार्थना करीत, ती भूमी आता तिकीट काढून जाण्याजोगी झाली. जहाजे भरू लागली. कोणी धर्मासाठी गेले, कोणी मुलांच्या नोकरीसाठी, कोणी केवळ भाऊ गेला म्हणून. येथे त्यांचा कोणी छळ केला नव्हता. ही गोष्ट ते स्वतःच आवर्जून सांगतात, आणि आपल्या देशास ती भूषणावह आहे. तेथे मात्र पहिली वर्षे कठीण गेली. पुढे तर तेथील काही धर्माधिकाऱ्यांनी विवाहाच्या बाबतीत यांच्या यहुदीपणाविषयीच शंका काढली. ज्यांनी हजारो मैलांवर, ग्रंथावाचून, एका प्रार्थनेच्या बळावर धर्म राखला, त्यांस दाखला मागितला गेला! लोक रस्त्यावर आले, जेरुसलेमेत धरणे धरून बसले, आणि १९६४ साली तेथील सरकारास व संसदेस त्यांचे म्हणणे मान्य करावे लागले.

इकडे मुंबईस शाळेचे वर्ग यहुदी मुलांपुरते रिते होत गेले. शाळा बंद पडली नाही. मोकळ्या बाकांवर माझगाव-डोंगरीकडील हिंदू, मुसलमान मुले येऊन बसली, आणि आज तेथे यहुदी मूल विरळा. २०११ च्या जनगणनेत साऱ्या देशात यहुदी ४,६५० भरले. त्यांतील निम्म्याहून थोडे अधिक महाराष्ट्रात. तिकडे इस्रायलात लोद, रामले, अश्दोद, बीरशेबा, दिमोना येथील घरांत मात्र मराठी बोलली जाते, निदान जुन्या पिढीत तरी. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक तेथून निघत आले आहे, आणि १९९६ साली जागतिक मराठी परिषदही तेथे भरली होती. पुण्यामुंबईकडील कित्येक मंडळी तेथे जाऊन मलिदा खाऊन आली. इस्रायली शाळा यहुदी मुले यहुदी राहावीत म्हणून काढली होती. आज ती इतरांची मुले शिकविते. आणि तिने शिकविलेली मराठी हिब्रूच्या देशात म्हाताऱ्यांच्या ओठांवर आहे. किहीमकरांनी हे पाहिले असते तर हसले असते की रडले असते, मला सांगता येत नाही.

तर ते छायाचित्र. पुठ्ठ्यावर डकविलेले, कडा वाळवीने खाल्लेल्या. तीसएक मुलेमुली तीन रांगांत, मधोमध खुर्चीवर मास्तर. गृहस्थांनी छत्रीच्या टोकाने नव्हे, करंगळीने एकेक चेहरा दाखविण्यास आरंभ केला, आणि नाव सांगण्याऐवजी गाव सांगू लागले. ‘‘हा लोदला. ही बीरशेबाला, नातवंडे आहेत. हा अश्दोदला, बंदरात होता. हा लढाईत, ब्रह्मदेशात गेला. हा दिमोनाला, पत्र येते. ही लंडनला. हा माझगावातच, गेल्या साली नव्याच्या सणाला वारला. हा लोदला.’’ असे करीत ते शेवटच्या रांगेतील कोपऱ्यातल्या मुलाशी आले आणि थांबले. तो मुलगा म्हणजे ते स्वतः. मी विचारले, ‘‘आपण का नाही गेलात?’’ ते म्हणाले, ‘‘सगळे गेल्यावर पत्ता कोण सांभाळणार? सुट्टीत कोणी आला म्हणजे विचारतो, मास्तरांची कबर कुठे, बाई कुठे राहत. मी दाखवतो.’’

मी तेव्हा काही बोललो नाही. परंतु बीडला परत आल्यावर, दसरा उलटून गेला आणि माझ्या वर्गाचा हजेरीपट उघडला, तेव्हा ती करंगळी मला आठवली. आमच्याकडे दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. बैलगाड्यांवर संसार चढतो, आणि आईबापांबरोबर मुलेही जातात, कोल्हापूरकडे, सांगलीकडे, कोणी कर्नाटकात. हजेरीपटावर नावापुढे ‘गैरहजर’ लिहावयाचे, आणि उन्हाळ्यात परत आली तर आली. काही परत येत नाहीत. तोपर्यंत मी तांबड्या शाईने फुली मारून मोकळा होत असे. त्या वर्षापासून मी फुलीशेजारी मूल कोणत्या कारखान्यावर गेले, ते लिहू लागलो. वरिष्ठ तपासणीस आले तेव्हा त्यांनी विचारले, ‘‘मास्तर, हे काय लिहून ठेवले आहे?’’ मी म्हटले, ‘‘पत्ता आहे, साहेब.’’

ते हजेरीपट निवृत्तीच्या वेळी शाळेतच ठेवून यावे लागले. परंतु त्यांतील नावे व ठिकाणे मी एका वहीत उतरून घेतली आहेत. गेल्या पाडव्यास एक चांगला चाळिशीचा माणूस मोटारसायकलीवरून दारात उतरला. त्याने विचारले, ‘‘गुरुजी, आमच्या वर्गातला तो टोळीबरोबर गेलेला मुलगा, त्याचे पुढे काय झाले हो?’’ मी वही काढली. त्यापुढे वारणेच्या काठचे एका कारखान्याचे नाव होते आणि साल होते १९९३. ‘‘मग मी तिकडे विचारून येतो,’’ असे म्हणून तो उठला. चहाही घेतला नाही.